प्रतीक्षा यादीतला उन्हाळा

जुलै उजाडला की दुबईतल्या अल कुसैसच्या रस्त्यांमधल्या खजुरीच्या झाडांवर जाळ्या चढतात. पालिकेची माणसं शिडी लावून एकेका घडाला पिशवी घालतात. पाखरांनी टोचू नये, पिकलेलं फळ खाली सांडू नये म्हणून. त्या पिशव्यांमधून आधी हिरवा, मग पिवळा, मग तपकिरी रंग दिसू लागतो. हवा इतकी दमट असते की दुकानाच्या थंड हवेतून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा आंधळा होतो. मी थांबतो, चष्मा पुसतो आणि वर बघतो. दर वर्षी त्या पिशव्या दिसल्या की मला नव्व्याण्णव सालचा उन्हाळा आठवतो. त्या वर्षी मी खजूर पिकताना जितक्या बारकाईने पाहिला तितका कधीच पाहिला नाही, कारण खजूर पिकून संपेल तेव्हा माझी यादीही संपणार होती.

यादी म्हणजे कामगार न्यायालयांच्या न्यायाधीशांच्या निवडीची यादी. दुबईला येण्याआधी मी बार्शीच्या कोर्टात वकिली करत होतो. जाहिरात आली, अनुभवाची अट जेमतेम भरत होती, अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. निकाल लागेपर्यंत हातावर हात धरून बसणं परवडणारं नव्हतं. ओळखीतून इस्माईलभाईंचं नाव कळलं आणि मी इकडे आलो. बायको रेखा आणि वर्षाची मुलगी मुक्ता वैरागला माझ्या वडिलांजवळ राहिल्या. ठरलं असं होतं की यादीत नाव आलं तर मी परत जायचं, नाही आलं तर त्यांनी इकडे यायचं. म्हणजे आमचं घर कुठे मांडायचं ते त्या यादीवर होतं.

पण मला ती नोकरी हवी होती त्याचं खरं कारण घराहून जुनं होतं. माझे वडील, आप्पा, बार्शीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. एकदा त्यांना कामावरून कमी केलं. सोलापूरच्या कामगार न्यायालयात केस उभी राहिली. आप्पा दोन इयत्ता शिकलेले, कोर्टाची पायरी पहिल्यांदाच चढलेले. भिंतीला टेकून उभे होते. नाव पुकारल्यावर तसेच पुढे जाऊन उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "उभे का? बसा. मग सांगा." शिपायाने खुर्ची आणून दिली. त्या केसचा निकाल काय लागला ते आप्पांनी कधी धड सांगितलं नाही. काही दिलं असावं, काही राहिलं असावं. पण ती खुर्ची त्यांनी मला माझ्या लहानपणी शंभरदा तरी सांगितली. लाकडी होती, हात असलेली होती, बसल्यावर किंचित डुगडुगायची. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मला वकील व्हावंसं वाटलं ते कायद्याच्या ओढीने नाही. "बसा, मग सांगा" असं म्हणणारा माणूस मला व्हायचं होतं.

इस्माईलभाई रत्नागिरीकडचे. वीस वर्षांपासून दुबईत. कामगार खात्याच्या कचेरीसमोर अर्ज लिहून देणाऱ्यांच्या दुकानांची रांग होती, तिच्यात त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. लिफ्टपेक्षा थोडंसं मोठं. कामगार येऊन आपलं गाऱ्हाणं हिंदीत नाहीतर मराठीत सांगायचे. मी ते नीट लावून इंग्रजीत लिहायचो आणि इस्माईलभाई त्याचं अरबी टाईप करायचे. लहानपणी मदरशात गिरवलेली अक्षरं आणि इथला वीस वर्षांचा सराव, यांवर त्यांची बोटं अशी चालायची की मी बघत राहायचो. "बघतोस काय वकील, लिही," म्हणायचे. "यल्ला, पुढचा माणूस."

यादी मला कशी सापडली ते सांगितलं पाहिजे.

खाडीपलीकडच्या बर दुबई भागात देवळाच्या गल्लीत एक फुलवाला बसायचा. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. त्याची झेंडू, शेवंती, तुळस विमानाने मुंबईहून यायची आणि ती टोपल्यांत बांधलेली असायची मराठी वर्तमानपत्रांत. दुबईत मराठी पेपर विकत मिळायचा, पण उशिरा आणि महाग. अण्णाकडे तो फुलांबरोबर फुकट यायचा, फक्त ओला. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी अबरातून, म्हणजे लाकडी होडीतून, खाडी ओलांडून जायचो, देवाला हात जोडायचो आणि अण्णाकडून ते ओले कागद घडी करून घ्यायचो. अण्णा हिंदीत विचारायचा, "साब, फूल नहीं, सिर्फ कागज?" मग मला लाज वाटून मी एक गजराही घ्यायचो. गजरा घालायला घरात कुणी नव्हतं. खोलीतल्या खिडकीला बांधायचो.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टच्या शेवटी अशाच एका कागदावर, शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या, मला माझा बैठक क्रमांक दिसला. यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक. एका स्तंभाच्या माथ्यावर माझा क्रमांक होता, दुसरा. बाकीचा कागद भिजून एकमेकांना चिकटला होता. मी तसाच खोलीवर आलो, इस्त्री तापवली, कागदावर रुमाल टाकला आणि हळूहळू दाबत गेलो. खोलीभर शेवंतीचा आणि छपाईच्या शाईचा वास. त्या दहा मिनिटांत मी न्यायाधीश होतो. सोलापूरला घर घेतलं, मुक्ताला शाळेत घातलं, आप्पांना माझ्या कोर्टात मागच्या बाकावर बसवलं. मग चिकटलेला भाग सुटला आणि आधीच्या स्तंभाच्या तळाला दोन शब्द वर आले. प्रतीक्षा यादी.

म्हणजे निवड झालेल्यांपैकी दोघे रुजू झाले नाहीत तर माझी पाळी. आणि तीही एका वर्षाच्या आत. त्यानंतर ती यादी संपते.

मी फार निराश झालो नाही, हे खरं सांगतो. वैरागच्या शाळेतून निघालेल्या मुलासाठी तेवढंही पुष्कळ होतं. दुसऱ्या दिवशी इस्माईलभाईंना सांगितलं. त्यांनी यंत्रावरून मान वर केली. "म्हणजे अर्धा जज झालास."

"अर्धा नाही. रांगेत उभा आहे."

"मग चहा अर्धाच मागवतो," म्हणाले आणि पूर्ण मागवला. त्या दिवसापासून मी जजसाहेब.

वैरागला मात्र पेपर कोरडा होता, आणि तिथे कुणी आधीच्या स्तंभाच्या तळाशी बघितलं नाही. माझ्या वकील मित्राने क्रमांक पाहिला आणि सायकल दामटत शाळेत माने सरांकडे गेला. माने सर आमचे मुख्याध्यापक. मला इंग्रजी त्यांनी त्यांच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या वेळात शिकवलं. कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला, त्यावरची पालकाची सही आप्पांना त्यांनीच गिरवायला शिकवली. शाळेत यशस्वी विद्यार्थ्यांची एक काळी पाटी आहे, दाराजवळ, उंचावर. शिक्षक दिनासाठी पेंटर शाळेत आलेलाच होता. सरांनी त्याला तसाच शिडीवर चढवला. महिन्याभराने रेखाच्या पत्रातून फोटो आला. पाटीवर माझं नाव, त्यापुढे 'न्यायाधीश'. खाली इस्त्रीची टोपी घालून आप्पा उभे, हात शिवणीला लावून, कवायतीला उभे राहतात तसे.

रेखाने लिहिलं होतं, "तुमचा फोन आल्यामुळे मला खरं ठाऊक आहे. पण आप्पा तीन दिवस गावभर हिंडतायत. त्यांना मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं नाही.

वकिली शिकलेला माणूस स्वतःसाठी मुद्दे चांगले काढतो. मी स्वतःला म्हणालो, यादी जिवंत आहे. दोघे गळले की पाटी खरी होईल, मग उगाच आत्ता पुसायची कशाला? असं म्हणत महिने गेले. फोनवर आप्पा विचारायचे, "बलावनं आलं का?" मी म्हणायचो, "येईल." ते "बरं" म्हणायचे. त्यांच्या लेखी नेमणूक झालेली होती, फक्त हुकूम यायचा राहिला होता.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये मित्राचं पत्र आलं. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला बोलावलं होतं. आता मी पहिला. झाडांवर तेव्हा घड हिरवेच होते. मला आठवतं, त्या संध्याकाळी मी शारजाच्या हद्दीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो, सदरा पिळण्याइतका भिजला तरी भान नव्हतं. आता निवड झालेल्यांपैकी फक्त आणखी एकाने रुजू न होणं बाकी होतं. महाराष्ट्रात कुठेतरी एक निवड झालेला माणूस बॅग भरत असेल, आई त्याच्या कपाळाला कुंकू लावत असेल, आणि इकडे परक्या देशात मी त्याने जाऊ नये म्हणून झुरत होतो. हे मनात आलं तेव्हा ओशाळलो. इस्माईलभाईंना बोलून दाखवलं.

"दुआ माग," ते म्हणाले, "पण स्वतःसाठी माग. त्या बिचाऱ्याचं नाव मध्ये घेऊ नको."

"त्याचं नाव मला माहीतच नाही."

"तेच बरं आहे. इन्शाल्ला होईल ते होईल. तो अर्ज संपव आता."

त्याच उन्हाळ्यात मी दुकानात खुर्ची आणली. आमच्याकडे लोक उभेच राहायचे, जागाच तेवढी होती. पण बाहेरच्या उन्हातून आलेला माणूस आमच्या मेजाला दोन्ही हात लावून उभा राहायचा आणि त्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे दिसायचे. कुसैसमध्ये जुन्या सामानाच्या दुकानात एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. डोक्यावर घेऊन आलो. इस्माईलभाई म्हणाले, "ही कुठे ठेवणार? माझ्या मांडीवर?" कपाट दीड वीत सरकवलं आणि ती बसली. दार मात्र त्यानंतर पूर्ण उघडेना.

"बसलेला माणूस उठत नाही, जजसाहेब. धंदा बुडेल."

धंदा बुडाला नाही. पण मला एक गोष्ट कळली जी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. उभा माणूस तक्रार करतो, बसलेला माणूस हकिकत सांगतो. उभा असला की शेवट आधी सांगतो, मोठ्याने सांगतो, घाईत सांगतो. बसला की आधी पाणी मागतो, मग म्हणतो, "त्याचं असं झालं साहेब." आणि अर्जाला लागते ती हकिकत. महिन्याभराने इस्माईलभाईच दारातल्या माणसाला हिंदीत सांगू लागले, "पहले बैठो भाई, यहाँ का कायदा है."

धोंडीराम असाच आला. तुळजापूरकडचा गवंडी. दोन वर्षं झाली होती, हक्काची रजा कंपनी देत नव्हती आणि मुलीचं लग्न ठरलं होतं. मी मराठीत "बसा" म्हणालो तर तो दाराबाहेरच सरकला.

"नगं साहेब. कापडं सिमिटानं भरल्याती. खुर्ची खराब हुईल."

"प्लॅस्टिकची आहे. धुता येते. बसा, मग सांगा."

तो टोकावर बसला. दोन्ही पावलं जमिनीला दाबून, खुर्चीवर वजन पडू नये अशा बेताने. मग सांगत गेला तसा हळूहळू मागे टेकला. अर्ज साधाच होता. कचेरीत दोन खेपा झाल्या, कंपनीचा माणूस आला, रजा मंजूर झाली. सप्टेंबरमधली.

तोवर खजूर पिवळा होऊन मऊ पडू लागला होता. एकाच घडात काही फळं अजून करकरीत, काही अर्धी मऊ, काही पार पिकलेली. त्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या नळाचं पाणी अंगावर घेववत नसे इतकं तापायचं. आम्ही गीझर बंद करून त्यातलं पाणी वापरायचो, कारण गच्चीवरच्या टाकीपेक्षा गीझरच थंड. खोलीतले चौघेही त्यावर रोज तोच विनोद करायचो आणि रोज हसायचो. खिडकीत अण्णाचा गजरा सुकून तपकिरी झालेला असायचा. मी शुक्रवारी नवे ओले कागद आणायचो, इस्त्री करायचो, वाचायचो. सोलापूरचे कांद्याचे भाव, कुणाची तरी पुण्यतिथी, नाटकाची जाहिरात. माझ्यासाठी काही नसायचं. आणि तरीही, आज मागे वळून बघतो तेव्हा ते शुक्रवार मला सुखाचे वाटतात. खाडीवरचा वारा, मांडीवर ओलसर पुडकं, आणि अजून काही ठरलेलं नाही ही हलकी जाणीव.

ऑगस्ट संपला. बोलावणं आलं नाही. त्या अनोळखी माणसाने, जो कोण असेल तो, बॅग उचलली आणि तो रुजू झाला. मी कॅलेंडरचं पान उलटलं आणि दुकानात गेलो. इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"खलास?"

"खलास."

त्यांनी चहा मागवला. पेला माझ्याकडे सरकवत म्हणाले, "माझ्यापुरतं सांगतो. मला सुटल्यासारखं वाटतंय. हे वाईट आहे, पण खरं आहे. तू गेला असतास तर मी या खुर्चीचं काय केलं असतं?"

आता पाटी उरली. यादी जिवंत होती तोवर ती पाटी घाईत लिहिलेली होती. यादी मेल्यावर ती खोटी झाली. आणि ती खोटी ठेवणारा मी होतो, कारण मला वर्षभर ठाऊक होतं. त्या आठवड्यात मी माने सरांना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी उरलं ते इतकंच, की मी निवड यादीत नव्हतो, प्रतीक्षा यादीत होतो, आधी दुसरा, मग पहिला. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी कळवलं नाही. ज्या पाटीखाली आमची मुलं रोज प्रार्थनेला उभी राहतात तिच्यावर खोटं नसावं. माझं नाव पुसावं. आप्पांना तुम्हीच सांगा, माझ्याने होत नाही.

रजेवर निघालेल्या माणसाबरोबर काहीतरी घरी पाठवायची इथली रीतच आहे. धोंडीराम निघाला तेव्हा मी त्याच्याकडे एक खजुराचा डबा, मुक्तासाठी फ्रॉक आणि ते पत्र दिलं. "वैराग काय, वाटंतच हाय," तो म्हणाला. वाटेत मुळीच नव्हतं. पण तो गेला.

तीन आठवड्यांनी सरांचं उत्तर आलं. वळणदार, शाईच्या पेनाचं अक्षर.  सरांनी लिहिलं होतं की चूक माझी नव्हे, त्यांची. विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचा म्हणून तीस वर्षं सांगितलं आणि स्वतः यादी वाचली नाही. पण वर्षभर गप्प राहिलास ते मात्र आवडलं नाही, असंही स्पष्ट लिहिलं होतं. पुढे होतं, "नाव पुसणार नाही. खोटंही ठेवणार नाही. दुरुस्ती करून घेतली आहे. आलास की बघ."

आणि अगदी तळाला, समासात, जागा उरली नव्हती म्हणून आडवं लिहिलेलं: "तुझे वडील समोर बसले आहेत. त्यांना सर्व वाचून दाखवलं. ते म्हणतात, तो गवंडी दोन तास बसून गेला. खुर्चीचं कळलं. बरं केलंस."

मी ते पत्र इस्माईलभाईंना वाचायला दिलं. त्यांनी अरबी वाचतात तसं उजवीकडून आडव्या ओळीला सुरुवात केली, मग पान फिरवलं. वाचून परत दिलं.  उठून खुर्चीवरची धूळ फडक्याने पुसली आणि पुन्हा यंत्रावर बसले.

त्यानंतर रेखा आणि मुक्ता इकडे आल्या. आम्ही कुसैसमध्येच दोन खोल्या घेतल्या. मुक्ता शाळेत जाऊ लागली आणि मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देऊ लागली. आता गजऱ्याला डोकं मिळालं, खिडकी सुटली. मी अजून त्याच दुकानात आहे. निळी खुर्ची दोनदा तडकली, दोनदा बदलली, दोन्ही वेळा निळीच आणली.

गेल्या वर्षी सुट्टीत गेलो तेव्हा आप्पांसह सगळे शाळेत गेलो. माने सर निवृत्त झालेत. दुपार होती, मे महिन्याची, शाळा रिकामी. पाटी तिथेच होती, दाराजवळ, उंचावर. माझं नाव जुन्या, पिवळट पडलेल्या रंगात. 'न्यायाधीश' हा शब्दही तसाच. आणि त्याच्यापुढे, मागून लिहिलेल्या जास्त पांढऱ्या अक्षरांत, थोडं दाटीवाटीने: 'पदाच्या प्रतीक्षा यादीत प्रथम'. इतकं खरं आणि इतकं नेमकं की मला हसू आलं. रेखाला आधीच आलं होतं, ती पदर तोंडाला लावून उभी होती. त्या पाटीवर डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, एक फौजदार आहे. वाट पाहिली म्हणून नाव लागलेला मी एकटाच.

मुक्ता मान उंच करून एकेक अक्षर लावत होती. "प्र... ती... क्षा. बाबा, व्हॉट इज दॅट?"

"वेटिंग."

"वेटिंग फॉर व्हॉट?"

मी तोंड उघडलं. जाहिरात, मुलाखत, शेवंती, इस्त्री, कुठून सुरू करावं ते कळेना. आप्पा मागे काठी टेकून उभे होते.

"काय म्हनती पोरगी?"

"विचारते, कशाची वाट बघत होता म्हणून."

आप्पांनी पाटीकडे पाहिलं, मग उन्हात डोळे बारीक करून उभ्या राहिलेल्या मुक्ताकडे.

"आदी तिला बसीव," ते म्हणाले. "मग सांग."

आम्ही शाळेच्या पायरीवर, सावलीत बसलो. मुक्ता मध्ये. मग मी सांगायला सुरुवात केली.